रकाना सतरा

कोर्टाच्या तळघरात, बॉयलरला लागून, माझं ऑफिस.
दारावर पाटी : माजी सैनिक साहाय्य.
आत मी, एक पत्र्याचं कपाट,
आणि पाइपातून दिवसभर येणारी ठकठक,
जणू कुणी तरी पलीकडून विचारतंय, आहे का कुणी?

रायनो लाह्ती आला तेव्हा मार्च होता.
म्हणजे या उत्तर मिशिगनात बर्फच.
वय एक्क्याण्णव. टोपी काढली,
टोपीतून कागद काढला,
घड्या पडून पडून नकाशा झालेला.
"यात मी नाही," म्हणाला.

कागदात होता कुणी रेनो लाटी.
उंची पाच फूट नऊ, डोळे निळे.
जखमा : नाहीत. पदके : नाहीत.
सेवा क्रमांकात तीननं आणि आठनं
आपापसात जागा बदललेली.
बावन्न साली, सिअ‍ॅटलच्या धक्क्यावर,
कारकुनाला जेवायची घाई असावी.
तेवढ्यापायी सत्तर वर्षं
म्हाताऱ्याच्या मांडीतलं लोखंड
विनापरवाना राहत होतं.

मूळ फाइल सेंट लुईसच्या आगीत गेलेली.
मी पत्रं लिहिली. आधी नम्र,
मग सरकारी, मग नुसतीच लांब.
उत्तरं यायची : आपले पत्र मिळाले.
दर गुरुवारी त्याचा फोन.
"मी अजून आहे," एवढंच. आणि ठेवून द्यायचा.

मांडीचा एक्स-रे जोडला.
आईला फिनिश भाषेत लिहिलेलं पत्र जोडलं,
चर्चमधल्या आइली कोस्केलाकडून उलगडून घेतलेलं :
'पाय आहे. दोन्ही आहेत. लोकरीचे मोजे पाठव.'
आणि अकराव्या महिन्यात, कुठल्याशा फिल्मच्या रिळात,
कंपनीची रोजहजेरी सापडली.
फेब्रुवारी एक्कावन्न. कोरिया. टेकडीला नाव नाही, आकडा.
'लाह्ती, जखमी, मदतकेंद्रात. आणणारा : प्रुइट, लोंझो.'

दुरुस्तीपत्र आलं.
तो बोट ठेवून वाचत गेला, मुलं वाचतात तसं.
रायनो. लाह्ती. तीन, मग आठ.
पर्पल हार्ट.
खाली उत्तम वर्तनाचं पदक. तिथे हसला, खोकेपर्यंत.
"कॅप्टनचा कोंबडा मीच मारला होता. हे काढ."
म्हटलं, काढायला वेगळा अर्ज लागतो.

डबी त्यानं उघडली नाही.
टोपीखाली ठेवली, पाखरू झाकावं तशी.
आणि रोजहजेरीवर नख टेकवलं.
"आता याचं."

लोंझो प्रुइट. आर्कन्सॉचा. एकोणीस वर्षांचा.
"पाऊण मैल आणलं मला. उतरवलं, पाणी प्यायला,
परत गेला दुसऱ्याला आणायला.
पुढली ओळ वाच."
पुढली ओळ मी आधीच वाचली होती.
'प्रुइट, बेपत्ता.'
त्याच्या कागदावरही पदके : नाहीत.
तिथे मात्र आकडे बरोबर होते,
स्पेलिंग बरोबर होतं,
चूक म्हणून दाखवावं असं काहीच नव्हतं.

सांगितलं त्याला, नियम आहे :
अर्ज घरच्यांनीच करायचा.
शोधले होते मी घरचे.
एक बहीण निघाली, ती एकोणऐंशीत वारलेली.
पोर ना बाळ.

"फॉर्म दे."

रकाना सतरा : मृताशी अर्जदाराचे नाते.
पेन त्यानं छिन्नीसारखं धरलं.
लिहायला बराच वेळ लागला.
बॉयलर दोनदा पेटला, दोनदा विझला.
अक्षरं रकान्यात मावली नाहीत,
समासात गेली, तिथून वळून खाली
'केवळ कार्यालयीन वापरासाठी'
असं छापलंय त्या जागेत :
*त्यानं मला खांदा दिला. मी जिवंत असताना.*

हा अर्ज परत येणार.
लाल पेनची खूण असेल सतराशेजारी.
एकवीस वर्षं या खुर्चीत आहे, मला ठाऊक आहे.

टपाल साडेचारला जातं.
चार पंचवीस झाले होते.
मी पाकीट जिभेनं ओलं करून बंद केलं,
आणि कोट न घालताच
जिना चढले.