गाडी

टोरांटोहून शाल्मली फोनवर म्हणाली,
"बाबा, दिल्लीहून गाडीनं येते."
मी लगेच अर्टिगा धुवायला काढली.
डिकीतून कुणाच्या लग्नातले वाळलेले हार काढले,
मागच्या सीटवरचा दुधाचा डाग लिंबानं घासला,
आणि चपलांच्या खोक्याचं झाकण कापून
त्यावर जाड मार्करनं लिहिलं :
शाल्मली शितोळे.
देवनागरीत. तिथं सगळे इंग्रजीत लिहितात.

चौदा वर्षं झाली
कंपूतून रात्री निघून
टर्मिनल तीनच्या कठड्याशी उभं राहायला.
किती नावं धरली छातीशी.
मिसेस भदौरिया, डॉक्टर जैन,
एक जपानी पाहुणा, ज्याचं नाव मी उलटं धरलं होतं
आणि तो मान वाकडी करून
हसत हसत स्वतःला वाचत होता.
घरातलं नाव एकदाही नाही.

रात्री तिचा पुन्हा फोन.
"अहो बाबा, गाडी म्हणजे रेल्वे!
विमान दोनला उतरतं. पहाटेची पहिली मेट्रो,
मग सहाची शताब्दी.
साडेनऊला ग्वाल्हेर."

चार पिढ्या इथं हिंदीच्या बाजारात
घरी मराठी जपली आम्ही,
आणि ऐन वेळी तिनंच दगा दिला.
दोन्हींना एकच शब्द.

मी म्हणालो, सामानाचं काय?
तिथं कुली लुटतात.
म्हणालो, मथुरेच्या पुढं तो चहावाला अजून आहे,
मुरैन्यात थांबू, तुझी ती तिळाची गजक घेऊ.
ती गप्प.
मग हळूच : "धुकं आहे, बाबा.
आणि तुमचा उजवा डोळा."

डोळ्याचं हिला कुणी सांगितलं?
स्वयंपाकघरात बायको
एकदम भांडी जोरात विसळू लागली.

धुकं मला शिकवू नये कुणी.
पौषात चंबळच्या पुलावर
काच खाली करून
पुढच्या ट्रकची टायरं ऐकत
नुसत्या कानांनी गाडी हाकलीय मी.
पण हे सांगितलं असतं
तर तिचीच बाजू भक्कम झाली असती.
म्हटलं, ये. तुझ्या गाडीनं ये.

साडेनऊला शताब्दी
आग्र्याच्याही अलीकडे उभी.
"काय दिसतंय?"
"पांढरं, बाबा. बाकी काही नाही."
अकरा. साडेबारा.
फलाटावरचा पोरगा तिसरा चहा देत म्हणाला,
"अंकल, सवारी लेने आए हो?"
हो म्हणालो. तेवढीच सवय जिभेला.

मनात हिशेब चालूच :
माझ्याबरोबर निघाली असती
तर एव्हाना जेवून झोपली असती.
किंवा
हा दुसरा हिशेब मी अर्ध्यावरच सोडला
आणि उगाच गाड्यांचा फळा वाचत राहिलो.

सव्वाला धुक्यात आधी दिवा आला,
मग खूप वेळानं इंजिन.
ती उतरली. वाळलीय. केस कापलेत.
धावत येऊन मिठी मारली
तर माझ्या छातीत काहीतरी कडकड वाजलं.
"हे काय?"
"पुठ्ठा आहे," म्हटलं. "वारा लागतो.
ड्रायव्हर लोक घालतात स्वेटरच्या आत."

तिनं माझ्याकडे पाहिलं, विचारलं नाही काही.
मोठी बॅग स्वतःकडे ठेवली,
हलकी मला दिली.
पडावच्या बाजूनं बाहेर पडताना म्हणाली,
"गाडी कुठं लावलीय?"
आणि हात पुढं केला,
किल्लीसाठी.