परमिट

डॉक्टर म्हणाले, जाधवर, साखर दोनशे साठ,
रोज सहा हजार पावलं टाका, नाहीतर गोळी वाढवतो.
पोरानं पुण्याहून घड्याळ पाठवलं.
ते मनगटावर बसून माझी पावलं मोजतं,
आणि टीव्हीवरची चर्चा बघता बघता
मी हात झटकून "काय बोलायलास बे!" म्हणलो
तर तेही पाऊल धरतं.
नगरपालिकेचा निकाल लागला त्या दिवशी
खुर्चीतल्या खुर्चीत
मी अकराशे पावलं चाललो.

आठ चौकटी, आठ माणसं, सगळ्यांची तोंडं एकदम चालू.
बत्तीस वर्षं वीज मंडळात काढली मी,
एका फेजवर इतका लोड टाकला असता
तर डीपी कवाच उडला असता.
यांचा फ्यूज कशाचा केलाय कुणास ठाऊक.

मथुरा म्हणते, द्या इकडं तो रिमोट.
तिच्या मालिकेतली सून दिवाळीपासून
एकाच जिन्यावर उभी आहे.
दिवाणखान्यात नऊ झुंबरं
आणि लाईट एकदाही जात नाही.
कोणतं फीडर असंल बरं हे?

जेवण झालं की येलदरी रस्त्यानं निघतो.
सोबत गफूर. पूर्वी मी खांबावर, तो खाली शिडी धरून,
आता दोघंही खालीच.
तो एका पुढाऱ्याचा, मी दुसऱ्याचा,
मधल्या काळात दोन्ही पुढारी
एकमेकांच्या पक्षात जाऊन आले,
आम्ही मात्र टपरीवरच,
कोण कुणाचा ते बोटांवर मोजत.
पेट्रोल पंपापाशी वाद,
पुलापाशी अबोला,
शेवटचा दिवा मागं पडला की दोघंही गप.

मग वर बघायचं.
मान दुखते.
खांबावर चढणाऱ्याला वर बघायची सवय नसते,
हातातल्या पकडीकडं बघायचं, नाहीतर खाली.
सगळी नोकरी आभाळाच्या तीस फूट जवळ केली
आणि एक चांदणी नीट बघितली नाही.

गफूर बोट करतो, ती बघ म्हातारीची बाज.
चार खूर, मागं तीन चोर.
आम्ही चड्डीत होतो तेव्हा होते तिथंच,
बाज अजून पळवली नाही,
म्हातारी अजून उठली नाही.
मी म्हणलो, चोर असावेत तर असे,
जन्मभर एकाच बाजेमागं.
हसता हसता त्याच्या पाठीत थाप मारली.
घड्याळानं एक पाऊल धरलं.

एका वादळात बाजारपेठेची लाईन तुटली होती.
सबस्टेशनातून परमिट घेतलं,
सगळं जिंतूर बंद करून खांबावर चढलो.
लोक गच्च्यांवर आले,
अंधारातून शिव्या थेट माझ्या आजीपर्यंत पोचल्या.
त्यातच कुठल्याशा गच्चीवर
एक पोरगी मोठ्यानं मोजत होती,
एकशे चार, एकशे पाच…
वाटलं, लाईट येईस्तोवर आकडे म्हणत असंल,
उद्या शाळेत पाढे असतील.
मी घाई केली. जंपर आवळला, परमिट परत केलं.
ती एकशे बेचाळीसवर थांबली.

ती काय मोजत होती
हे मला परवा, पुलापाशी कळलं.
गफूरला नाही सांगितलं.
त्याला सांगून काय, शिडी त्यानंच धरली होती.

आता चौकात उंच दिवा आलाय,
दोघांनी दोनदा उद्घाटन केलेला.
त्याच्या उजेडात आमच्या गच्चीवरून
शुक्राची चांदणी दिसली तर दिसली.
कधी कधी वाटतं, सबस्टेशनला फोन लावावा,
साहेब, जाधवर बोलतोय, रिटायर,
पंधरा मिनिटांचं परमिट द्या,
काम काही नाही.

रात्री दार ढकललं तर
मथुरा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली,
"किती झाले?"
"एकशे त्रेचाळीस."
"बिघडलं जणू घड्याळ," ती म्हणाली,
आणि तिकडं सून
एक पायरी उतरली.