बटणाएवढी बॅटरी

कायानीला नोव्हेंबरात तीनलाच अंधार पडतो.
आज मुहूर्त लागला. मुहूर्त कसला,
बर्फ लोटणारी गाडी फाटकासमोर अडकली होती
आणि मला कुठे जायचं नव्हतं.

हा डबा माझ्या हातचा.
गिरणी बंद झाली, कागदाचं शेवटचं रीळ उतरलं,
हाती आलेल्या पैशांतून मी आधी मदरबोर्ड घेतला, मग बूट.
मेमरी ओउलूहून बसमध्ये मांडीवर आणली,
अंडी आणावीत तशी.
एक बाजू पत्र्याची, दुसरी बर्चच्या प्लायवूडची.
भाऊ म्हणतो, "हिल्का, हा कॉम्प्युटर की कोंबड्यांचं खुराडं?"
म्हणतो, आणि दर वर्षी आपला टॅक्स इथेच बसून भरतो.

वसंतापासून रोज एक निळी पाटी येत होती.
आज तिला होकार दिला, तर दुसरी आली:
हे यंत्र किमान अटी पूर्ण करत नाही.

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे.
रोजगार कचेरी, खिडकी चार, माझं वय चोपन्न,
फक्त तेव्हा आवाज जरा गोड होता.
तेव्हा मी उठून कॉफी प्यायला गेले होते.
आजही गेले.

परत आले ती दुसरी सिस्टिम घेऊन, फुकटातली,
जी वय विचारत नाही.
शेजारच्या ओन्नीनं नाव लिहून दिलं होतं
दुधाच्या पावतीच्या पाठीवर.

आधी आवराआवर. काय ठेवायचं?
तळ्याचा बर्फ फुटल्याच्या तारखा, चौदा वर्षांच्या. ठेवल्या.
मेलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर. तोही ठेवला, का कोण जाणे.
नवीन फोल्डर, नवीन फोल्डर दोन, नवीन फोल्डर खरंच शेवटचा:
त्यात एकच फोटो,
ते रीळ, सात मीटर रुंद, कोरं करकरीत.
पुढे त्यावर कुणी बटाट्यांचे भाव छापले असतील.

मग वायर काढून धूळ झाडली. तिथेच फसले.
पुन्हा चालू केला तर डबा म्हणाला:
एक जानेवारी, दोन हजार नऊ.
पेनड्राइव्हवरचं सगळं त्याला भविष्यातलं वाटलं,
आणि भविष्यावर त्याचा विश्वास नव्हता.
त्याच्या हिशेबी गिरणी अजून चालू होती,
माझी पाळी सहाची.
तेवढ्यात भोंगा वाजला.
बर्फाच्या गाडीचा. निघाली एकदाची.
मी मात्र उभी राहिले होते, पायांत बूट शोधत.

बॅटरी. बटणाएवढी.
दुकान बंद, गावात अंधार.
सौनातला थर्मामीटर उघडला: तीच जात, तेच माप.

आज तारीख आजची झाली.
एकेचाळीस टक्के, बेचाळीस, बराच वेळ बेचाळीस.
पंखा धापा टाकायला लागला तेव्हा खिडकी उघडली,
बाहेर उणे अठरा.
दोघंही गप्प झालो, तो आणि मी,
एक टोपी घालून, एक उघड्या अंगानं.

रात्री अकराला त्यानं विचारलं:
या कॉम्प्युटरला नाव काय द्यायचं?
मी टाइप केलं, खुराडं.
त्यानं निमूट घेतलं.

प्रिंटर सापडला नाही म्हणतोय. सांगेन त्याला कधीतरी.

उद्या शनिवार. भाऊ सौनात जाईल
आणि आतून ओरडेल, किती झालंय, आकडेच दिसत नाहीत.
दगडांवर पाणी टाक, म्हणेन.
कळेल.