शिरोरेघ

गौरी गेल्या त्या आठवड्यात अवधूतचा घसा सुजला.
गुलाबी औषध दहा दिवसांचं होतं.
चौथ्या दिवशी तो खाली खेळायला पळाला,
आम्ही बाटली फ्रिजच्या दारात ठेवली,
पुढच्या वेळेला होईल म्हणून.

मग एका मंगळवारी, सोमवारी काही नव्हतं,
मी नाइट संपवून ऐरोलीला घरी आलो
तर पोरगा दाराशी. कडी लावतोय, काढतोय.
चौदा वेळा. चुकलं की पहिल्यापासून.
"बाबा, माझ्यामुळे आई मरणार नाही ना?"
नाही रे.
"नीट म्हणा."

नीट म्हणजे कसं, मला अजून कळलेलं नाही.

हात धुऊन धुऊन मनगटापर्यंत सोललेले.
वहीत शिरोरेघ गिरवून गिरवून कागद फाटलेला,
अक्षरं खाली लोंबतायत.
बाईंचा शेरा : अक्षर सुधारा.
म्हात्रेकाकूंनी मीठ-मिरच्या उतरवल्या,
ठसका उठला नाही, म्हणजे दृष्टच, म्हणाल्या.
मी एकदा हात उचलला. तेही सांगून टाकतो.

वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी कडीचं सगळं ऐकलं
आणि विचारलं, "मधे घसा दुखला होता?"
मी बायकोकडे बघितलं. बायको फरशीकडे.
म्हणाल्या, जंतूंना शोधायला निघालेलं रक्त
कधी कधी चेहरा ओळखायला चुकतं,
मेंदूत आपल्याच माणसाला धरतं.
सगळ्या पोरांत असं नसतं.
याच्यात असेलच, असंही नाही.
तपासू.

चेहरा चुकणं मला कुणी शिकवायला नको.
महापेच्या कंपनीत गेटवर असतो मी.
काढून टाकलेल्या ड्रायव्हरचा फोटो केबिनमध्ये चिकटवलेला,
तसल्याच भिवयांचा माणूस मी तासभर उन्हात उभा केला.
अकरा वर्षं तिथंच स्टोअरला होता, घाडगे.
तो कार्ड दाखवत राहिला,
मी फोटोच बघत राहिलो.
इमानदारीनं. तेच वाईट.

या वेळी औषध पुरतं संपवलं.
शिवाय एक मॅडम आहेत, त्या त्याला
कडीपुढे नुसतं उभं राहायला शिकवतात.

काल त्यानं "कमळ" लिहिलं.
वर रेघ ओढली. पेन्सिल उचलली.
पुन्हा टेकवली.
दोनदाच. कागद टिकला.

आठला मी ड्युटीला निघालो,
तर पाठीमागे कडी वाजायला लागली.
अकरा. बारा.
मग काहीच नाही.
मी डबा हातात धरून जिन्यातच उभा,
तेरावीची वाट बघत.