मागचा डावा कोपरा

कुपवाडच्या आमच्या शेडमध्ये वेल्डिंगचे रॉड
जुन्या लोखंडी कपाटात राहायचे.
आत दोनशे वॅटचा बल्ब,
दारावर कुणीतरी खडूने लिहिलेलं: लाइट घालवू नये.
लाइट सबस्टेशन घालवायचं.

मग साखर कारखान्याचं ते भांडं.
सांधा शनिवारी देखणा होता,
सोमवारी त्याच्या कडेने केसाएवढी रेघ.
कुणी हात लावला नव्हता.
रविवारभर तो कुलपाआड
एकटाच चिरत होता.
इन्स्पेक्टर म्हणाला, दमट रॉड.
साहेबांनी स्टोअरकडे पाहिलं.
स्टोअर म्हणजे मी, सुनेत्रा उपाध्ये, बी. कॉम.

माझं माहेर सावळजचं.
वाळवणं मला नवं नाही.
बेदाणा मुठीत दाबून सोडला
की चिकटून राहतो का सुटा पडतो,
एवढ्यावर वडील भाव सांगायचे.
पण रॉडचं पाणी मुठीला कळत नाही.
राखाडी लेपात ते गप्प बसतं,
ठिणगीत फुटून लोखंडात शिरतं,
आणि दोन दिवसांनी बोलतं.

तीन कोटेशनं मागवली.
पुण्याच्या ओव्हनला निळे आकडे, बोट टेकवायची बटणं.
कोल्हापूरचा स्वस्त. साडेतीनशेपर्यंत जातो का, विचारलं,
तर म्हणे, मॅडम, दोनशे खूप झालं.
मिरजेचा हिरवा, जड,
बिजागऱ्या बैलगाडीला शोभतील अशा.

रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहीत बसले:
भाजायला साडेतीनशे, एक-दोन तास.
ठेवायला सव्वाशे, दिवसरात्र.
पेटी एकच असेल तर आजचे भाजताना
कालचे कुठे ठेवू?
वाफेला वर झडप आहे का?
किलो नकोत, थर सांगा.
गादीसारखे रचले तर
मधले रॉड थंडच झोपतात.

दस्तगीर शिकलगारांना कागद दाखवले.
चाळीस वर्षं काळ्या काचेआडून पाहिलेला माणूस,
जवळचं वाचता येत नाही.
खिशातून दोन रॉड काढले, कानाजवळ आपटले.
खण्ण.
"ह्यो कोरडा. आता ह्यो ऐका."
ठक्क. ओल्या फाट्यासारखा.
"आकडं मागनं बघू. आधी कोपरं बघू."

पुण्याचा पोरगा ओव्हन टेम्पोत घालून आला.
दस्तगीरांकडे तीनशेला वितळणारा खडू होता.
चार पट्ट्यांवर चार रेघा ओढल्या,
चार कोपऱ्यांत ठेवल्या, दार लावलं.
निळे आकडे म्हणाले, तीनशे पन्नास.
तीन पट्ट्यांवर खडूचं पाणी झालं.
मागच्या डाव्या कोपऱ्यात रेघ जशीच्या तशी,
शाळा सुटल्यावर फळ्यावर राहते तशी.
पोरगा म्हणाला, "ते ॲव्हरेज असतं, काका."
"चीर ॲव्हरेजवर पडत न्हाई, बाळा."

मिरजेचा घेतला. आठ हजार जास्त.
साहेब तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
वर दोन छोट्या गरम पेट्या, हातात न्यायच्या,
कारण स्टोअरपासून भांड्यापर्यंत चाळीस पावलं आहेत
आणि कृष्णेची हवा तेवढ्यातही पोचते.
रजिस्टरला नवा रकाना आखला:
कितव्यांदा भाजला.
दोनच्या पुढे मी लिहू देत नाही.

पहिल्याच गुरुवारी दार उघडलं
तर सव्वाशे डिग्रीत, रॉडच्या शेजारी,
स्टीलचा डबा.
भाकरी, वांगं, घामेजलेलं झाकण.
दस्तगीरांचा.

भाकरीची वाफ कुठे जाते
हे मी त्यांना काय सांगणार?
ते आले. हातमोज्याने डबा उचलला.
एक रॉड वाजवला, दुसरा वाजवला,
तिसरा वाजवायचा राहिला.
"ताई, हे समदं परत भाजा.
रकान्यात माझं नाव लिवा."

डबा आता ओव्हनच्या डोक्यावर असतो.
तिथं तो नीट गरम होत नाही.