फुकटातलं पिस्तूल

ते विकत घ्यावं लागत नाही.
राउंड सुरू होतो तेव्हा ते हातात असतंच.
बारा गोळ्या, दुर्बीण नाही,
लांबच्या माणसाला नुसता चिमटा काढल्यागत लागतं.

कोपरखैरणे, तीन टाकीच्या मागे,
मढवीचा पोटमाळा, तासाला चाळीस रुपये.
सात नंबरच्या माउसचं डावं बटण
दोनदा दाबलं की एकदा ऐकतं.
ते मशीन माझं,
कारण ते कुणालाच नको असतं.

पहिला राउंड मला आवडतो.
दहाही जणांच्या खात्यात सारखेच आठशे,
दहाही जणांच्या हातात हेच.
दाराआड सॅव्हिओ, पायऱ्यांवर इरफान,
आणि मी बिंदू डोक्याच्या उंचीवर धरून
कोपऱ्याकडे सरकत.
पळायचं नाही. पळालं की पाय वाजतात.
एक गोळी, थांब.
एक गोळी, थांब.
घाई केली तर बाराच्या बारा भिंतीत जातात,
आणि मग नवं मॅगझिन बसतानाची ती
खट्-खटाक्,
तेवढ्यात माणूस संपतो.

दुसऱ्या राउंडपासून पैशांचा फरक दिसायला लागतो.
कुणाची रायफल, कुणाचं चिलखत,
आणि कुणीतरी म्हणतंच,
सेव्ह करू या रे, ह्या वेळी नको.

नीरव गाला कधी सेव्ह करत नाही.
थंडाही पाच जणांचा तोच मागवतो.
स्वतःची रायफल घेऊन झाली
की एक माझ्या पायाशी टाकतो :
'उचल ना यार.'
त्याच्या मनात काही नसतं, हे मला माहीत आहे.
दाणा मार्केटात त्यांच्या गाळ्यापुढे
पोती उतरवणारे माझे आबा आहेत,
हे त्याला माहीत नाही.
मी रायफल ओलांडून पुढे जातो.

हेडफोनात शिव्या.
'अरे, हा परत पिस्तुलावर!'
हरवलेत मी सामने, खोटं कशाला बोलू.
बोनकोड्याच्या पोरांनी एकदा
मी न उचललेली रायफल उचलली
आणि तिनंच मला मारलं.
इरफान आठवडाभर बोलला नाही.

शनिवारी अकरा-बारा.
हा राउंड गेला की सामना गेला.
नीरवकडे चारशे उरलेले.
त्यानं बहुतेक पहिल्यांदाच
आपल्या हातात काय आहे ते नीट पाहिलं.
'ह्यानं कसं मारायचं?'
कुणी हसलं नाही.
माझ्याकडे नऊ हजार साचले होते,
खर्चच नव्हता मला.
मी रायफल घेतली, त्याच्या पायाशी टाकली.
'उचल.'
तो थोडा थांबला.
मग उचलली.

मी पुढे गेलो, माझ्या त्याच पिस्तुलानं एक टिपला,
दुसऱ्यानं मला.
बाकीचं मेल्यावर बघत होतो,
नीरवच्या खांद्यावरून.
तो पळत होता, पाय वाजवत.
'हळू,' मी म्हणालो. 'एक गोळी, थांब.'
तो थांबला.
आणि मढवी खालून ओरडला,
'सात नंबर, टाइम झाला!'
स्क्रीन काळी.

जिन्यात वरून आरडाओरडा ऐकू आला.
जिंकल्याचा की हरल्याचा, कळेना.
दोन्ही सारखेच ऐकू येतात.

घरी आबा जागेच होते, पाठीला तेल लावून पालथे.
'जिकला का रं?'
'माहीत नाय.'
खिळ्याला त्यांचा आकडा लटकलेला,
टोळीत नाव लागलं त्या दिवशी मुकादमानं दिलेला,
त्याचे पैसे कापले नव्हते म्हणतात.
सव्वीस वर्षं झाली.
मूठ झिजून झिजून
आता दुसऱ्या कुणाच्या हातात बसत नाही.
मी धरून पाहिलंय.

त्याच खिळ्याला शर्ट अडकवला
आणि दिवा घालवला.