शुक्रवारचं पाकीट

ओआमारूच्या कचेरीत नोलीनला समजावलं:
घर हिशेबात धरत नाही, तुम्ही राहताय तोवर.
गाडीही नाही. अंत्यविधीचे आगाऊ भरलेत, तेही सोडले.
नातवाला होडीसाठी दिलेत ना,
ते मात्र धरावे लागतील.

मर्व्हचं पेन्शन परस्पर वृद्धाश्रमाला.
हाती उरेल चिमूटभर,
केस कापायला, पेपरमिंटला.

ती ते दर आठवड्याला पाकिटात घालून
त्याच्या लोकरी कोटाच्या खिशात सरकवते.

चाळीस वर्षं कत्तलखान्याच्या थंडीत उभा राहिलेला माणूस
तिचं नाव विसरलाय.
पण शुक्रवार झाला की खिसा चाचपतो,
न उघडताच पाकीट पुढे करतो:
"घे. घरखर्चाला."

आणि ती मोजून घेते,
पूर्वी घ्यायची तशी.